एक नाव, दोन आवृत्त्या : हडूपच्या परंपरेतील लायब्ररी-संघर्षाचा इतिहास

१

एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखितांत पाठभेद आढळला, तर संपादक त्यांपैकी एक पाठ संहितेत स्वीकारतो आणि दुसरा तळटीपेत नोंदवितो. दोन्ही पाठ एकाच पृष्ठावर राहू शकतात. निवड चुकली असली, तरी पुढील अभ्यासकास ती दुरुस्त करता येते. यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रामला ही सोय नसते. ज्या लायब्ररीचा आश्रय त्याने घेतला असेल, तिच्या दोन आवृत्त्या एकाच नावाने समोर आल्या, तर त्यास एकच स्वीकारता येते. दुसरी जणू अस्तित्वातच नाही असे समजून पुढे जावे लागते. निवड चुकली तर प्रोग्राम मध्येच थांबतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न थांबता वेगळे वागू लागतो.

प्रस्तुत लेखात या संघर्षाचा इतिहास हडूप व त्याच्याभोवती वाढलेल्या बिग डेटा प्रणालींच्या संदर्भात तपासावयाचा आहे. या प्रश्नाकडे सामान्यतः ‘योग्य आवृत्ती कोणती?’ या दृष्टीने पाहिले जाते, आणि व्यवहारात रोजचे काम चालविण्यास ती दृष्टी पुरतेही. परंतु २००६ पासूनचा वृत्तान्त क्रमाने पाहिला असता असे दिसते की, हा संघर्ष मुळात आवृत्तीचा नसून नावाचा आहे. जेथे तो खरोखर मिटला, तेथे तो योग्य आवृत्ती सापडल्यामुळे मिटला नाही; एका नावावरील सामाईक हक्क सोडून दिल्यामुळे मिटला. या त्यागाची किंमत कोणी दिली, हाही या इतिहासाचाच एक भाग आहे.

२

प्रोग्रामांची लायब्ररी ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ या यंत्रावर पहिला प्रोग्राम ६ मे १९४९ रोजी चालला. विल्क्स, व्हीलर व गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या यंत्रासाठी रचलेल्या उपप्रोग्रामांच्या लायब्ररीचे सविस्तर वर्णन आहे. ही लायब्ररी शब्दशः एका कपाटात होती. छिद्रे पाडलेल्या कागदी फिती तेथे ठेविलेल्या असत आणि ज्यास जो उपप्रोग्राम हवा असेल, त्याने त्याची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यावयाची, अशी पद्धत होती.

या पद्धतीत एक गुण होता, तो त्या काळी गुण म्हणून कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. प्रत्येक प्रोग्रामजवळ स्वतःची नक्कल असे. कपाटातील फीत उद्या बदलली, तरी आज तयार झालेल्या प्रोग्रामवर तिचा काही परिणाम होत नसे. जागेचा अपव्यय होई हे खरे. परंतु आवृत्तीचा तंटा उद्भवत नसे. पुढे स्मृती अपुरी पडू लागली, एकच लायब्ररी अनेक प्रोग्रामांनी वाटून घ्यावी हा विचार रुजला, आणि नकलेची जागा निर्देशाने घेतली. प्रोग्राम आता लायब्ररी बरोबर बाळगीत नाही; तिचे नाव बाळगतो. नावावरून वस्तू शोधण्याचे काम प्रत्यक्ष चालण्याच्या वेळी होते. संघर्षाचे बीज येथे पडले.

३

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेत हे तत्त्व पूर्णत्वास गेलेले दिसते. जावामधील प्रत्येक क्लासला एक लांबलचक पूर्ण नाव असते. कंपाइल झालेल्या फाइलीत दुसऱ्या क्लासची मेथड वापरली असेल, तर त्या क्लासचे नाव, मेथडचे नाव, तिच्या प्राचलांचे प्रकार व ती परत करीत असलेल्या मूल्याचा प्रकार एवढ्याच गोष्टी नोंदलेल्या असतात. आवृत्तीची नोंद मात्र कोठेही नसते. प्रोग्राम चालू झाला म्हणजे ‘क्लासपाथ’ नावाच्या यादीत ज्या जार फाइली क्रमाने मांडलेल्या असतील, त्यांत ते नाव जेथे प्रथम आढळेल तेथील क्लास घेतला जातो. यादीत पुढे त्याच नावाचा दुसरा क्लास असला, तरी त्याची विचारपूस होत नाही आणि तसा इशाराही मिळत नाही.

ही यादी माणसाने हाताने रचावयाची तोपर्यंत निदान ती रचणारास ठाऊक असे. २००५ साली आलेल्या मेव्हन २ ने हेही काम यंत्राकडे सोपविले. आपणास हव्या त्या लायब्ररीचे नाव द्यावे. ती लायब्ररी ज्या इतर लायब्रऱ्यांवर अवलंबून असेल, त्या मेव्हन स्वतः शोधून आणतो. ही सोय फार मोठी होती. परंतु अवलंबनांच्या या झाडात एकच लायब्ररी दोन फांद्यांवर दोन आवृत्त्यांनी आली, तर काय करावयाचे? मेव्हनने नियम केला तो असा की, मुळापासून जी जवळ असेल ती घ्यावी. अंतर सारखे असल्यास जिचा उल्लेख आधी असेल ती घ्यावी.

समजा, ‘क’ हा प्रोग्राम ‘ख’वर, ‘ख’ हा ‘ग’वर आणि ‘ग’ हा ‘घ’च्या २.० आवृत्तीवर अवलंबून आहे. शिवाय ‘क’ हा ‘च’वर आणि ‘च’ हा ‘घ’च्या १.० आवृत्तीवर अवलंबून आहे. या नियमाने १.० ही जुनी आवृत्ती निवडली जाईल, आणि २.० मधील एखाद्या नव्या मेथडवर विसंबलेला ‘ग’ तोंडघशी पडेल. ग्रेडल या नंतरच्या साधनाने उलट नियम स्वीकारला. त्यात सर्वांत नवी आवृत्ती जिंकते, आणि मग जुन्या आवृत्तीतून काढून टाकलेल्या मेथडवर विसंबलेला ‘च’ अडचणीत येतो. दोन्ही नियम निश्चित उत्तर देतात. पण ते उत्तर बरोबर असल्याची हमी कोणताच देत नाही. सर्व घटकांस मानवेल अशी आवृत्त्यांची जुळणी शोधणे हा प्रश्नच एनपी-कंप्लीट वर्गातील आहे, हे डेबियनच्या पॅकेजांचा अभ्यास करणाऱ्या युरोपातील ‘एडोस’ प्रकल्पाच्या संशोधकांनी २००५-०६ च्या सुमारास दाखवून दिले. मेव्हनचा नियम हा न्याय नव्हे, ती तंटा लौकर संपविण्याची तोड आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

४

हा प्रश्न सर्वच जावा प्रोग्रामांपुढे होता. मग हडूपमध्येच तो इतका उग्र का झाला? त्याचे कारण हडूपच्या मूळ कल्पनेत सापडते.

गूगलने वितरित फाइल-प्रणालीवरील निबंध २००३ मध्ये व मॅप-रिड्यूसवरील निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या आधारे डग कटिंग व माइक काफारेला यांनी ‘नच’ या शोधयंत्रासाठी जे काम केले, त्यातून २००६ साली हडूप हा स्वतंत्र प्रकल्प निघाला. त्यामागील मध्यवर्ती सूत्र असे होते की, प्रचंड डेटा प्रोग्रामकडे वाहून नेण्यापेक्षा लहानसा प्रोग्राम डेटाकडे पाठवावा. सूत्र योग्यच होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, वापरकर्त्याचा प्रोग्राम पाहुण्यासारखा हडूपच्या घरी राहावयास गेला. ज्या प्रक्रियेत वापरकर्त्याचे क्लास चालत, तिच्याच क्लासपाथवर हडूपचे स्वतःचे क्लास व हडूपला लागणाऱ्या साऱ्या लायब्रऱ्या असत. आणि त्या यादीत यजमानाचा क्रम आधी लागे.

शेकडो यंत्रांच्या समूहावर हडूपची कोणती आवृत्ती असावी हे व्यवस्थापक ठरवितात. वापरकर्त्यास तीत फेरफार करता येत नाही. आपल्या यंत्रावर प्रोग्राम कंपाइल करताना त्याने एक आवृत्ती पाहिलेली असते, समूहावर त्याची गाठ दुसरीशी पडते. त्यातच जावामध्ये नावांची जोडणी प्रथम गरज पडेल तेव्हा होते. त्यामुळे एखादे काम कित्येक तास चालून शेवटच्या टप्प्यात, क्वचित वापरल्या जाणाऱ्या एखाद्या मेथडवर येऊन कोसळावे, असे प्रसंग येत. हडूप २ च्या सुसंगततेविषयीच्या दस्तऐवजात तर हडूप ज्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे त्या केव्हा बदलाव्यात याविषयी कोणतेही धोरण नसल्याचे स्पष्टच म्हटले होते. पाहुण्यास जे घर खुले केले, त्यातील सामानाची जबाबदारी मात्र यजमानाने घेतली नव्हती.

५

या संघर्षाचे स्वरूप ‘ग्वाव्हा’ या लायब्ररीच्या दोन प्रकरणांवरून नीट कळते. ग्वाव्हा ही गूगलमध्ये लिहिली गेलेली, सर्वसाधारण उपयोगाची जावा लायब्ररी. हडूप २ मध्ये तिची ११.०.२ ही आवृत्ती होती व ती हडूप ३.२.० पर्यंत टिकली. ग्वाव्हाच्या कर्त्यांचा रिवाज मात्र एखादी मेथड काही काळ ‘कालबाह्य’ म्हणून जाहीर करून नंतर काढून टाकण्याचा होता.

पहिले प्रकरण काळ मोजणाऱ्या ‘स्टॉपवॉच’ या क्लासचे. हडूप २ ची फाइल वाचणारी यंत्रणा या क्लासची वस्तू थेट निर्माण करीत असे. ग्वाव्हाच्या १७ व्या आवृत्तीपासून ही थेट निर्मिती बाहेरील क्लासांना बंद झाली. ज्या वापरकर्त्याने आपल्या प्रोग्रामसोबत नवी ग्वाव्हा आणली आणि ती यादीत पुढे ठेविली, त्याच्या कामात हडूपचाच क्लास ‘इल्लीगल ॲक्सेस एरर’ देऊन थांबू लागला. पाहुण्याच्या सामानामुळे यजमानाचेच काम अडले. पुढे हडूपने ग्वाव्हाचा हा क्लास सोडून स्वतःचे स्टॉपवॉच लिहिले. घटना लहान आहे, पण उद्बोधक आहे: तंटा मिटला तो आवृत्ती जुळवून नव्हे, परक्या नावाचा आश्रय सोडून.

दुसरे प्रकरण याच्या उलट दिशेचे आणि अधिक सूक्ष्म आहे. हाइव्ह ३.१.२ ही आवृत्ती ऑगस्ट २०१९ मध्ये आली. तिच्यासोबत ग्वाव्हा १९ होती. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या हडूप ३.२.१ ने ११.०.२ सोडून ग्वाव्हा २७ घेतली. दोन्ही एकत्र बसविल्या की हाइव्ह सुरू होतानाच ‘नो सच मेथड एरर’ येई, आणि तक्रार असे ती ‘प्रीकंडिशन्स’ या क्लासमधील ‘चेक-आर्ग्युमेंट’ मेथडची. ही मेथड तर दोन्ही आवृत्त्यांत होती. मग ती सापडत का नव्हती?

जुन्या ग्वाव्हात या मेथडचे एक रूप कितीही प्राचले स्वीकारणारे होते. विसाव्या आवृत्तीत, वेग वाढविण्यासाठी, ठराविक संख्येची प्राचले घेणारी आणखी रूपे जोडली गेली. कोणतेही जुने रूप काढलेले नव्हते. हडूपचा मूळ मजकूर दोन्ही आवृत्त्यांवर एक अक्षर न बदलता कंपाइल होऊ शकत होता. परंतु २७ व्या आवृत्तीसमोर कंपाइल होताना कंपाइलरने नवे, नेमके रूप निवडले आणि तेच फाइलीत नोंदले. प्रत्यक्ष चालताना हाइव्हची १९ वी आवृत्ती आधी सापडली. तीत ते रूप नव्हते. काहीही न काढता, केवळ भर घातल्याने तंटा उभा राहिला! माणूस वाचतो तो मजकूर आणि यंत्र वाचते ती नोंद या दोहोंची सुसंगतता वेगवेगळी असते, हा धडा या प्रकरणाने दिला. व्यवहारातील उपाय अगदी साधा होता: हाइव्हच्या फोल्डरमधील ग्वाव्हा १९ ची जार फाइल काढावी व हडूपकडील २७ ची तेथे ठेवावी. तो बहुधा चाले. पण का चालतो याची शाश्वती कोणाजवळही नसे.

हडूपने इतकी वर्षे जपलेली आवृत्ती मुळात सोडली का, हेही पाहिले पाहिजे. २०१८ मध्ये ग्वाव्हाच्या ११ पासून २४.१.१ च्या पूर्वीपर्यंतच्या आवृत्त्यांत स्मृती अमर्याद वापरली जाऊ शकेल असा सुरक्षा-दोष जाहीर झाला. जुने जपावे तर दोष राहतो, नवे घ्यावे तर शेजारी मोडतो, अशी ही कोंडी होती. ग्वाव्हाच्या कर्त्यांनीही आपला रिवाज बदलला होता. २०१७ मधील २१ व्या आवृत्तीनंतर, ‘बीटा’ अशी खूण नसलेली कोणतीही मेथड काढली जाणार नाही, असे त्यांनी ठरविले. आश्वासन उत्तम होते. पण ते पुढील काळासाठी होते, मागील आवृत्त्यांस ते लागू होणार नव्हते.

६

संघर्षावर जे उपाय योजिले गेले ते तीन प्रकारचे आहेत, आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे.

पहिला उपाय क्रम उलटविण्याचा. वापरकर्त्याच्या जार फाइली यादीत आधी ठेवाव्यात, अशी सोय हडूपमध्ये झाली. परंतु स्टॉपवॉचच्या प्रकरणात दिसल्याप्रमाणे याने केवळ बळी पडणारा पक्ष बदलतो. नाव एकच राहते.

दुसरा उपाय निराळ्या क्लास-लोडरचा. जावामध्ये क्लासची ओळख त्याच्या नावावर व तो ज्या लोडरने आणला त्यावर मिळून ठरते. या व्यवस्थेचे विवेचन शेंग लियांग व गिलाड ब्राखा यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात केले आहे. दोन लोडर असतील, तर एकाच नावाचे दोन क्लास एका प्रक्रियेत नांदू शकतात. हडूपने कामासाठी स्वतंत्र लोडरची सोय केली. स्पार्कने वापरकर्त्याच्या क्लासांस अग्रक्रम देणारा पर्याय दिला, तो प्रायोगिक म्हणून. डिसेंबर २०१७ मधील फ्लिंक १.४ ने तर वापरकर्त्याचे क्लास आधी शोधावेत हाच मूळ नियम केला. तरीही अडचण उरली. दोन लोडरांनी आणलेले समाननामक क्लास यंत्राच्या दृष्टीने परस्परांस परके असतात. अशी वस्तू सीमा ओलांडून पलीकडे गेली, की ‘क्लास-कास्ट एक्सेप्शन’ येते, आणि एखादा क्लास स्वतःच्याच नावाच्या क्लासमध्ये बदलता येत नाही असा चमत्कारिक संदेश वाचणारास बुचकळ्यात टाकतो.

तिसरा उपाय नावच बदलण्याचा. यास ‘शेडिंग’ म्हणतात. मेव्हनच्या शेड प्लगइनने लायब्ररीची नक्कल आपल्या जार फाइलीत घ्यावयाची आणि कंपाइल झालेल्या नोंदींतील तिचे नाव सर्वत्र बदलून आपल्या नावाखाली आणावयाचे. हडूप ३.० ने २०१७ मध्ये वापरकर्त्यांसाठी अशा रीतीने आवरलेल्या जार फाइली पुरविल्या. हडूप ३.३.० ने २०२० मध्ये प्रोटोबफ ही लायब्ररी स्वतःच्या नावाखाली आणलेल्या रूपात स्वीकारली. त्यासाठी ‘हडूप-थर्डपार्टी’ हा वेगळा उपप्रकल्प निघाला. एचबेस २.० ने २०१८ मध्ये हाच मार्ग धरला होता. स्पार्क ३.२ ने २०२१ मध्ये हडूपच्या आवरलेल्या जार फाइली घेतल्या. एडसॅकच्या कपाटातून फितीची नक्कल उतरवून घेणारा प्रोग्रामर आणि शेडिंग करणारा आजचा अभियंता यांच्यात सुमारे सत्तर वर्षांचे अंतर आहे. पण दोघेही करतात ते एकच.

७

नाव बदलण्याचाही एक मर्यादा-बिंदू आहे, आणि तो स्पार्कच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. स्पार्क १ मालिकेत ग्वाव्हा आवरून घेतली होती; पण तिच्यातील ‘ऑप्शनल’ हा क्लास मूळ नावानेच उघडा ठेवावा लागला. कारण स्पार्कच्या जावा भाषेतील काही मेथडी वापरकर्त्यास ‘ऑप्शनल’ वस्तूच परत देत असत. जे नाव कराराच्या मजकुरात लिहिले गेले, ते एका पक्षाने परभारे बदलून चालत नाही. अखेर जुलै २०१६ मधील स्पार्क २.० मध्ये ग्वाव्हाचा ‘ऑप्शनल’ काढून स्पार्कने स्वतःचा क्लास दिला, आणि वापरकर्त्यांस आपले प्रोग्राम त्याप्रमाणे बदलावे लागले. परक्या लायब्ररीचे नाव आपल्या जाहीर मेथडींत येऊ देऊ नये, हा धडा या अनुभवातून मिळतो.

दुसरी मर्यादा नोंदीबाहेरील नावांची. कॉन्फिगरेशन फाइलींत लिहिलेली क्लासांची नावे शेडिंगला नेहमीच सापडतात असे नाही. शिवाय अनेक जार फाइली एकत्र करताना समाननामक फाइली एकमेकींवर पडतात. हडूपच्या दोन जार फाइलींत फाइल-प्रणालींची यादी देणारी एकाच नावाची फाइल असे. एकीने दुसरीस झाकले, की ‘एचडीएफएस’ या योजनेसाठी फाइल-प्रणाली नाही, असा संदेश येई. प्रणाली जागच्या जागी असे. हरवलेली असे ती केवळ तिची नोंद. अशा याद्या एकमेकींवर न टाकता जोडण्याची सोय शेड प्लगइनमध्ये आहे. परंतु ती वापरावी लागते, हे ठाऊक असावे लागते.

८

आता किंमतीचा विचार. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’च्या दुसऱ्या मालिकेतील अत्यंत गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा प्रत्येक संस्थेपुढे पहिला प्रश्न होता तो हा की, ही लायब्ररी आपल्याकडे कोठे कोठे आहे? जेथे ती आपल्या नावाने स्वतंत्र जार फाइलीत होती, तेथे उत्तर सोपे होते. जेथे ती दुसऱ्या जार फाइलीच्या पोटात, कदाचित बदललेल्या नावाने दडली होती, तेथे फाइलींची नावे पाहून काही कळत नसे. हडूप त्या काळी लॉग४जेच्या पहिल्या मालिकेवर असल्यामुळे या विशिष्ट दोषातून वाचला. पण त्या मालिकेची देखभाल तर २०१५ मध्येच थांबली होती, आणि २०२२ मध्ये हडूपला तिच्याऐवजी ‘रीलोड४जे’ स्वीकारावे लागले.

सामाईक नावाचा एक मोठा लाभ येथे ध्यानात येतो. वस्तू एकच असेल, तर तिची दुरुस्तीही एकदाच करावी लागते. नकला केल्या, की प्रत्येक नक्कल करणारा तिचा पालक होतो, मग त्यास त्याची जाणीव असो वा नसो. पूर्वी तंट्याची झळ वापरकर्त्यास लागे आणि ती ताबडतोब दिसे. आता ती देखभाल करणारावर पडते, आणि दोष उघडकीस येईपर्यंत दिसत नाही.

९

या वृत्तान्तावरून काही निष्कर्ष काढता येतात. ‘जवळची घ्या’ किंवा ‘नवी घ्या’ हे नियम तंटा संपवितात, सोडवीत नाहीत. मजकुराची सुसंगतता म्हणजे कंपाइल झालेल्या नोंदीची सुसंगतता नव्हे. आणि नाव हा एक करार आहे: ते जाहीर केले की बदलण्याचा अधिकार संपतो, ते खासगी केले की देखभालीचे कर्तव्य सुरू होते.

विद्यार्थ्यांनी याचा व्यावहारिक अर्थ असा घ्यावा. एखादे काम ‘नो सच मेथड’ म्हणून कोसळले, तर प्रथम आवृत्ती बदलून पाहण्याचा मोह आवरावा. तो क्लास प्रत्यक्षात कोणत्या जार फाइलीतून आला हे यंत्रासच विचारावे. अवलंबनांचे झाड पूर्ण छापून वाचावे. आणि या नावाचा मालक कोण, यजमान की पाहुणा, हे ठरवावे. मालक ठरला म्हणजे उपाय बहुधा आपोआप ठरतो. नाव यजमानाचे असेल, तर त्याची आवृत्ती मान्य करून आपला प्रोग्राम तिच्यासमोर कंपाइल करावा. आपले असेल, तर ते आवरून घ्यावे, आणि आपण काय आवरले आहे याची लेखी नोंद ठेवावी. एडसॅकच्या कपाटाजवळ निदान कपाट तरी डोळ्यांसमोर असे. आपल्या नकलांचे कपाट कोठे आहे, हे आपणच लिहून ठेविले पाहिजे.